एका मोठ्या संख्येचें कुळशील

एखादी संख्या केवळ मोठी आहे, एवढ्यानें ती विचार करण्याजोगी ठरत नाहीं. कितीहि मोठी संख्या कोणी लिहून दाखविली, तरी तिच्या उजवीकडे एक शून्य मांडून तिच्याहून दसपट मोठी संख्या लिहिणें हें प्राथमिक शाळेंतील मुलालाहि साधतें. भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त स्थानांचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं एकापासून परार्धापर्यंत अठरा आहेत, आणि त्यांतील प्रत्येक स्थान मागच्या स्थानाच्या दसपट आहे. ही शिडी चढून जाण्यास विशेष श्रम पडत नाहींत. श्रम पडतात ते संख्येची ओळख करून घेण्यास. स्थळ पाहावयास गेलेली मंडळी जशी उंची आणि वर्ण पाहून थांबत नाहींत, कुळशील विचारतात, तसेंच संख्येच्या बाबतींतहि करावें लागतें.

असें कुळशील विचारण्याजोगी एक संख्या म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही होय. वाचावयाची झाल्यास दोन अब्ज, चौदा कोटि, चौऱ्याहत्तर लक्ष, त्र्याऐंशी हजार, सहाशें सत्तेचाळीस. दर सेकंदास एक याप्रमाणें कोणी अहोरात्र मोजीत बसला, तर ही संख्या गांठावयास त्याला अडुसष्ट वर्षें होऊन वर सुमारें अठरा दिवस लागतील. हीं अडुसष्ट वर्षें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

ही संख्या कोणीं उगीच दहा अंक मांडून बनविलेली नाहीं. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट बहुतेकांनीं ऐकलेली असते : पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, चौथ्यांत आठ, याप्रमाणें प्रत्येक घरांत मागच्याच्या दुप्पट दाणे ठेवीत जावयाचे. पहिल्या एकतीस घरांतील सर्व दाण्यांची बेरीज केली म्हणजे नेमकी हीच संख्या येते. बत्तिसाव्या एकट्या घरांत जितके दाणे ठेवावे लागतील, त्यांहून ही बेरीज अवघ्या एका दाण्यानें कमी आहे. गणिताच्या भाषेंत सांगावयाचें तर, एकतीस वेळां दोन मांडून त्यांचा गुणाकार करावा आणि त्यांतून एक वजा करावा. म्हणजेच ही संख्या २ चा ३१ वा घात उणें १ होय.

आतां कुळाचा विचार. संख्यांचें पहिलें आणि मुख्य वर्गीकरण म्हणजे मूळ संख्या आणि संयुक्त संख्या हें. एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें जिला निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या; २, ३, ५, ७, ११ या अशा आहेत. जिला असा भाग जातो ती संयुक्त; तीन पांचे पंधरा, म्हणून १५ संयुक्त. व्याख्या दोन ओळींची आहे, पण ती लावून पाहावयाची म्हटली म्हणजे तिचें ओझें कळतें. प्रस्तुत संख्या विषम आहे, म्हणून तिला २ चा भाग जात नाहीं. तिच्या अंकांची बेरीज ४६ होते, म्हणून ३ चा भाग जात नाहीं. शेवटीं ० किंवा ५ नाहीं, म्हणून ५ चाहि जात नाहीं. यापुढें मात्र ७, ११, १३ अशा एकेका मूळ संख्येनें प्रत्यक्ष भागूनच पाहिलें पाहिजे. हें कोठवर करावयाचें? तर संख्येच्या वर्गमूळापर्यंत. कारण कोणतीहि संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्यांतील लहान अवयव वर्गमूळाहून मोठा असूं शकत नाहीं. येथें वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित् पुढें आहे, आणि तेथवरच्या मूळ संख्या सुमारें ४,८०० भरतात. म्हणजे सुमारें अठ्ठेचाळीसशें लांबलचक भागाकार, आणि त्यांतील एकांतहि चूक होतां कामा नये!

दोनाच्या घातांतून एक वजा करून होणाऱ्या संख्यांचें घराणें जुनें आहे. त्यांत एक नियम लवकर ध्यानांत येतो. घातांक जर संयुक्त असेल, तर संख्याहि संयुक्त होते. उदाहरणार्थ, ६ म्हणजे २ गुणिलें ३; म्हणून २ च्या सहाव्या घातांतून एक वजा करून येणाऱ्या ६३ ला ३ आणि ७ या दोहोंचा भाग जातो. तेव्हां मूळ संख्या हवी असेल, तर घातांक मूळ असलाच पाहिजे. परंतु याचें उलट मात्र खरें नाहीं. ११ हा घातांक मूळ आहे. तरी २ चा अकरावा घात उणें १, म्हणजे २,०४७, ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. म्हणून ३१ मूळ आहे एवढ्यावरून आपली संख्या मूळ आहे असें म्हणतां येत नाहीं.

असें असतांहि तसें म्हणणारे निघाले. इटलींतील गणिती कातालदी यानें १६०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या मूळ आहेत हें भागाकार करून दाखविलें, तें बरोबर होतें. पण त्याच भरांत २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकहि त्यानें त्याच पंक्तीस बसविले. त्यांपैकीं २३ आणि ३७ हे १६४० मध्यें फ्रान्समधील फर्मा यानें उठविले, आणि २९ हा पुढें ऑयलर यानें उठविला. उरला एकटा ३१. १६४४ सालीं फ्रेंच धर्मोपदेशक मॅर्सेन यानें २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादीच दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. एवढेच घातांक मूळ संख्या देतात, इतर देत नाहींत, असें त्याचें म्हणणें. या यादीवरूनच या घराण्यास मॅर्सेनचें नांव मिळालें. यादी पूर्ण तपासून व्हावयास १९४७ साल उजाडलें, म्हणजे तीनशें वर्षें लागलीं, आणि तींत पांच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ हे नको असतां आले होते. ६१, ८९ आणि १०७ हे हवे असतां राहिले होते.

३१ च्या बाबतींत कातालदी आणि मॅर्सेन या दोघांचेंहि उत्तर बरोबर होतें. पण परीक्षेंत रीत न लिहितां नुसतें उत्तर मांडणाऱ्या विद्यार्थ्यासारखी त्यांची स्थिति होती. उत्तर बरोबर असणें ही एक गोष्ट, आणि तें बरोबर आहे हें दाखवितां येणें ही दुसरी. जो मनुष्य चूक उत्तरेंहि तितक्याच आत्मविश्वासानें देतो, त्याच्या बरोबर उत्तरावर भरंवसा तरी कसा ठेवावा?

ही उणीव भरून काढली ती लेओनार्ड ऑयलर यानें. १७७२ च्या सुमारास, रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथें असतां, त्यानें बेर्नुली यास लिहिलेल्या पत्रांत ही संख्या मूळ असल्याचें कळविलें. त्या वेळीं त्याची दृष्टि जवळजवळ गेलेली होती. त्यानें सरसकट भागाकार करीत बसण्याऐवजीं आधीं असा प्रश्न विचारला कीं, या संख्येला भाग जाणारी एखादी मूळ संख्या असलीच, तर ती कशी असली पाहिजे?

ही विचारसरणी समजण्यास अवघड नाहीं. समजा, अशी एक भाजक मूळ संख्या आहे. दोनाचे घात एकामागून एक घेऊन त्यांना या भाजकानें भागीत गेलें, तर ३१ व्या घाताला बाकी १ उरेल. कारण त्यांतून १ वजा केल्यावर भाग निःशेष जातो, असें आपण गृहीत धरलें आहे. आणि बाकी १ आली कीं तेथून सर्व बाक्यांचें चक्र पुन्हां पहिल्यापासून फिरूं लागतें. फर्माचा एक सिद्धान्त सांगतो कीं, भाजकांतून एक वजा केल्यावर जो अंक येतो, त्या घातालाहि बाकी १ च उरली पाहिजे. तेव्हां एकतिसांचें हें चक्र त्या अंकांत पूर्ण बसलें पाहिजे. ३१ स्वतः मूळ असल्यामुळें चक्र त्याहून लहान असूं शकत नाहीं. म्हणजे भाजकांतून एक वजा केल्यास ३१ चा भाग जावा. आणि भाजक विषम असल्यामुळें २ चाहि जावा. एकंदरींत, ६२ च्या कोणत्या तरी पटींत एक मिळवून येणारीच संख्या भाजक होऊं शकते. वर आलेल्या २,०४७ वर हा नियम पडताळून पाहावा. तेथें घातांक ११, म्हणून २२ च्या पटी. आणि तिचे अवयव २३ व ८९ हे अनुक्रमें २२ ची एकपट अधिक १ आणि २२ ची चौपट अधिक १ असेच आहेत.

याच जातीचा आणखी एक नियम आहे. २ चा ३२ वा घात हा एक पूर्ण वर्ग असून त्याला आपल्या कल्पित भाजकानें भागिलें असतां बाकी २ उरते. ज्या विषम मूळ संख्येनें भागिलें असतां एखाद्या वर्गाची बाकी २ उरूं शकते, त्या संख्येला ८ नें भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही नियम एकत्र केले म्हणजे भाजक २४८ च्या पटींत १ किंवा ६३ मिळवून झालेला असला पाहिजे. ४६,३४० पर्यंत अशा संख्या ३७३ आहेत. त्यांतील पहिली ६३ ही तर उघडच संयुक्त, राहिल्या ३७२. त्यांतूनहि संयुक्त संख्या वगळल्यास उमेदवार शंभराच्या आंत येतात, आणि त्यांतील सर्वांत लहान ३११ हा आहे. अठ्ठेचाळीसशें भागाकारांचें काम याप्रमाणें एका मनुष्याच्या आटोक्यांत आलें. एकाहि उमेदवाराचा भाग गेला नाहीं, आणि संख्या मूळ आहे हें कायमचें ठरलें. त्या काळीं माहीत असलेल्या मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी होती, आणि पुढें सुमारें शंभर वर्षें तिचा तो मान टिकला.

मूळपणाबरोबर दुसरेंहि एक नातें सिद्ध झालें. ज्या संख्येच्या स्वतःहून लहान अशा सर्व भाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच होते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ चे भाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे भाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागाच्या शेवटीं दाखविलें आहे कीं, मॅर्सेनच्या घराण्यांतील प्रत्येक मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या होते. आपल्या संख्येला २ च्या तिसाव्या घातानें गुणिलें असतां २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकांची आठवी परिपूर्ण संख्या मिळते. १८११ सालीं पीटर बार्लो या इंग्रज गणित्यानें आपल्या ग्रंथांत असें भाकीत केलें कीं, याहून मोठी परिपूर्ण संख्या कधींच सांपडणार नाहीं. कारण या संख्या केवळ कौतुकाच्या आहेत, उपयोगाच्या नाहींत, तेव्हां कोण एवढे कष्ट घेणार?

या भाकिताचीं दोन अंगें आहेत, आणि दोन्हीं खोटीं ठरलीं. पहिलें असें कीं, १८७६ सालीं फ्रान्समधील लुका यानें १२७ या घातांकाची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें, आणि तिच्यापासूनहि एक परिपूर्ण संख्या झाली. नंतर यंत्रें आलीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत जी मॅर्सेन संख्या मूळ ठरली, तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि ती लिहावयास चार कोटींहून अधिक अंक लागतात. दुसरें अंग उपयोगाचें. १९६९ सालीं संगणकावर यदृच्छेनें पडल्यासारखे वाटणारे अंक निर्माण करण्याची एक रीत प्रसिद्ध झाली. एक अंक घ्यावा, त्याला १६,८०७ नें गुणावें, गुणाकारास २,१४,७४,८३,६४७ नें भागावें, आणि उरलेल्या बाकीवर पुन्हां तीच क्रिया करावी. या रीतीनें एकहि बाकी पुनरावृत्त न होतां शून्याखेरीज सर्व बाक्या येऊन जातात, आणि मगच पहिला अंक परत येतो. भाजक मूळ संख्या आहे म्हणूनच हें घडतें. ऑयलरनें निव्वळ जिज्ञासेनें जें ठरविलें, तें अशा रीतीनें दोनशें वर्षांनीं कामास आलें.

या संख्येचीं आणखी दोन कुळलक्षणें सांगण्यासारखीं आहेत. एक असें कीं, तिला ८ नें भागल्यास बाकी ७ उरते. अशी संख्या दोन किंवा तीन वर्गांच्या बेरजेनें कधींच होत नाहीं. तिला चार वर्ग लागतात, आणि चार वर्ग तर कोणत्याहि संख्येस पुरतात, हें लाग्रांज यानें १७७० मध्यें सिद्ध केलें आहे. ४६,३३९ चा वर्ग, ४२५ चा वर्ग, १० चा वर्ग आणि १ चा वर्ग यांची बेरीज करून ज्याला वाटेल त्यानें हें पडताळून पाहावें. दुसरें असें कीं, तिचा घातांक ३१ हा स्वतःच २ चा पांचवा घात उणें १ आहे. म्हणजे आई आणि मुलगी दोघीहि एकाच घराण्यांतील. ३ वरून ७, ७ वरून १२७, ३१ वरून आपली संख्या, आणि १२७ वरून लुकाची संख्या, अशा चार जोड्या माहीत आहेत. हा नियम पुढेंहि चालेल असें कोणाला वाटेल. पण ८,१९१ या मॅर्सेन मूळ संख्येस घातांक करून होणारी संख्या संयुक्त असल्याचें १९५३ सालीं यंत्रानें दाखवून दिलें. मॅर्सेनच्या यादीनें जो धडा दिला, तोच येथें पुन्हां मिळाला.

येथवर जे गुण सांगितले, ते संख्येचे स्वतःचे आहेत. ती दशमान पद्धतीनें लिहा, रोमन अक्षरांनीं लिहा, कीं दाण्यांच्या राशीनें दाखवा, ते बदलावयाचे नाहींत. पण कांहीं गुण असे असतात कीं, ते संख्येचे नसून तिला नेसविलेल्या वेषाचे असतात. नाशिकजवळच्या देवळालीस शिक्षकाचें काम करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं या वेषाच्या गुणांचा मोठ्या आवडीनें अभ्यास केला. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनें भाग गेला, तर तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६ ही सम आहे, आणि सम संख्येनें विषम संख्येस भाग जात नाहीं. तेव्हां ती हर्षद नव्हे. त्यांचा दुसरा एक प्रकार असा : कोणत्याहि संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे नवी संख्या जन्मास येते. जिला अशी जन्म देणारी संख्याच नसते ती ‘स्वयंभू’. जिला अशा एकीहून अधिक संख्या असतात, तिला त्यांनीं जंक्शन असें नांव दिलें. दोन लोहमार्ग एका स्टेशनांत येऊन मिळावेत तसें. ९१ मध्यें १० मिळविले तरी १०१, आणि १०० मध्यें १ मिळविला तरी १०१. म्हणून १०१ हें जंक्शन.

ही कसोटी आपल्या संख्येस लावून पाहिली तर मोठी गंमत दिसते. २,१४,७४,८३,६०६ च्या अंकांची बेरीज ४१ आहे; ती तींत मिळविली असतां आपली संख्या येते. २,१४,७४,८३,५९७ च्या अंकांची बेरीज ५० आहे. ती मिळविली असतांहि तीच येते. तिसरी अशी संख्या नाहीं. याप्रमाणें ही प्रसिद्ध मूळ संख्या कापरेकरांच्या वर्गीकरणांत जंक्शन ठरते, आणि तिचा घातांक ३१ मात्र स्वयंभू आहे. हे गुण खरे आहेत, पण ते दहा अंकांच्या वेषांतच खरे आहेत. वेष बदलला कीं ते जातात.

वेषाच्या गुणाचें याहूनहि महत्त्वाचें उदाहरण संगणकांत आहे. संगणक संख्या लिहितो ती ० आणि १ या दोनच अंकांनीं. त्या द्विमान पद्धतींत आपली संख्या म्हणजे एकामागून एक मांडलेले एकतीस एक. पुष्कळ संगणकांत एका संख्येसाठीं बत्तीस घरें राखलेलीं असतात. त्यांतील एक घर धन कीं ऋण हें दाखविण्यांत जातें. राहिलेलीं एकतीस घरें एकांनीं भरलीं म्हणजे आपली संख्या झाली, आणि ती लिहितां येणारी सर्वांत मोठी संख्या ठरली. आतां तीं अडुसष्ट वर्षें आठवावीं. अनेक संगणकांचें घड्याळ १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून गेलेले सेकंद मोजून वेळ ठरवितें. बत्तीस घरांच्या यंत्रांत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंदांस आपल्या संख्येला पोंचते. पुढच्या सेकंदास ऋणाचें घर भरतें, आणि तें घड्याळ एकदम डिसेंबर १९०१ मधील तारीख सांगूं लागतें. यावर उपाय म्हणून घरें चौसष्ट करण्यांत आलीं आहेत. परंतु जेथें जुनें यंत्र तसेंच चालूं राहील, तेथें ही अडचण खरीच आहे.

येथें एक गोष्ट विसरूं नये. ही मर्यादा आपल्या संख्येला लाभली ती तिच्या मूळपणामुळें नव्हे. चौसष्ट घरांच्या यंत्राची मर्यादा २ चा ६३ वा घात उणें १ ही आहे, आणि ६३ संयुक्त असल्यामुळें त्या संख्येस ७ चा भाग जातो. बत्तीस घरें ठेवणें ही माणसानें केलेली सोय होती. बत्तिसांतून एक वजा करून ३१ हा नेमका चांगला घातांक आला, हा केवळ योगायोग.

संख्येचें वर्गीकरण करतांना हा विवेक ठेवणें अगत्याचें आहे : कोणता गुण तिच्या कुळाचा, आणि कोणता आपल्या लेखनपद्धतीचा. वेषाचे गुण मनोरंजक असतात, कधीं कधीं व्यवहारांत फार महत्त्वाचेहि असतात. पण माणसाची सोय बदलली कीं त्यांचें महत्त्व बदलतें. बत्तीस घरांची मर्यादा चौसष्ट घरांनीं मागें टाकली. सर्वांत मोठी मूळ संख्या हा मानहि तिच्याकडे राहिला नाहीं. पण ती मूळ आहे ही गोष्ट ऑयलरनें मोजके भागाकार करून सिद्ध केली त्या दिवशीं जितकी खरी होती, तितकीच आजहि आहे. आणि तपासून पाहणाऱ्यास मॅर्सेनच्या किंवा ऑयलरच्या नांवाकडे पाहण्याची गरज नाहीं. त्यानें कागद घ्यावा, ३११ पासून आरंभ करावा, आणि स्वतः भागून पाहावें.